परभणीचा शीतव्यवहार आणि काटकसरीचा कायदा

गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरलेला, दुधना आणि पूर्णा या नद्यांनी भिजवलेला आणि तरीही वर्षाचे कित्येक महिने पाण्यासाठी आसुसलेला परभणी जिल्हा कापसासाठी, ज्वारीसाठी आणि जनाबाईच्या गंगाखेडासाठी महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु ज्या प्रदेशात वैशाखातील पारा ४४-४५ अंशांना सहज स्पर्श करतो, आणि सकाळी काढलेले दूध सायंकाळपर्यंत टिकेल की नाही याची चिंता गवळ्यास आणि गृहिणीस सारखीच असते, त्या प्रदेशात थंडावा ही वस्तू कोणी निर्माण केली, कोणी विकली, तिचे मोल कोणी चुकते केले आणि अखेरीस सरकारने तिच्यावर कोणते नियम घातले, हाही इतिहासाचाच विषय आहे, आणि कापसाच्या किंवा रेल्वेच्या इतिहासाइतकाच तो या जिल्ह्याच्या सुखदुःखाशी निगडित आहे. आज एखाद्या सुपर मार्केटात काचेच्या कपाटातून दही-लोणी उचलताना त्या कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या, वीजकार्यक्षमता दर्शवणाऱ्या ताऱ्यांच्या चिठ्ठीकडे, ती असलीच तर, फारसे कोणी पाहत नाही. त्या चिठ्ठीमागे एक दीर्घ परंपरा आहे. तिचा मागोवा घेत गेल्यावर माझ्या मनाने घेतलेला निष्कर्ष असा की, थंडाव्याची काटकसर परभणीस कायद्याने शिकवली नाही, ती येथे टंचाईने पूर्वीच शिकवली होती. आणि जो कायदा आला तो घराच्या स्वयंपाकघरात आधी शिरला, बाजारातल्या दुकानाच्या उंबरठ्यावर मात्र फार उशिरा येऊन पोहोचला.

यंत्रपूर्व काळातील व्यवस्था पाहू. मराठवाड्यातील माळवदाची घरे, त्यांच्या हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा थर, ही सारी रचना दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत आत पोहोचू नये या एकाच हेतूने पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेली होती. घराच्या मधल्या, अंधाऱ्या आणि थंड जागेत माजघर, तेथे ओल्या वाळूवर ठेवलेला रांजण, वर शिंक्याला टांगलेले दही-लोणी, आणि सधनांच्या वाड्यांत दारांखिडक्यांना वाळ्याच्या पाणी शिंपडलेल्या टट्ट्या, एवढ्या साहित्यावर परभणीचा उन्हाळा निभावला जाई. माठाच्या सूक्ष्म रंध्रांतून पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, हे शास्त्र कुंभारास ठाऊक नसेल. पण कोणत्या तळ्याची माती घ्यावी, तीत राख आणि लीद किती मिसळावी आणि भट्टी किती लावावी म्हणजे माठ गळणारही नाही आणि गारही राहील, हे त्यास पक्के ठाऊक होते. या विद्येला एक मर्यादा होती. हवा कोरडी असेल तोवरच ती चाले. आषाढात, आभाळ भरून हवा ओलसर झाली की माठातले पाणी भोवतालच्या हवेइतकेच गरम राही. सुदैवाने परभणीचा कडक उन्हाळा कोरडाच असतो, आणि म्हणूनच ज्या महिन्यांत थंडाव्याची निकड सर्वाधिक, त्याच महिन्यांत हा फुकटचा थंडावा सर्वाधिक मिळे.

परंतु पाणी गार करणे निराळे आणि नाशवंत माल टिकवणे निराळे. माठ पाण्यास आठ-दहा अंश खाली आणील. दूध नासण्यापासून वाचवण्यास तेवढे पुरत नाही. म्हणून या मुलखाने थंडावा शोधण्याऐवजी मालाचे रूपच बदलले. दुधाचे दही, दह्याचे ताक आणि लोणी, लोण्याचे तूप. किंवा कढईत आटवून खवा, ज्याची कीर्ती मराठवाड्यातल्याच कुंथलगिरीहून साऱ्या महाराष्ट्रात गेली. भाज्यांचे सांडगे, गवारीची आणि मेथीची वाळवणे, कैरीचे लोणचे, उडदाचे पापड, ही केवळ जिभेची चैन असल्याचे आपण समजतो. ती वस्तुतः शीतगृहाविना चालणाऱ्या अर्थव्यवस्थेची कोठारे होती. बाजारही त्याच नियमाने चाले. पालेभाजी पहाटे उतरे, सकाळी विकली जाई, आणि दुपारी जे उरे ते मातीमोल होई. त्या उरलेल्या जुडीचा तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडे, आणि थंडाव्याच्या अभावाचा हा कर कोणत्याही दप्तरात नोंदला न जाता शतकानुशतके वसूल होत राहिला.

ज्यांच्यापाशी सत्ता आणि द्रव्य होते त्यांची गोष्ट वेगळी. मोगल दरबारात आबदारखाना, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे खाते, हा स्वतंत्र कारखाना होता आणि त्यावर दारोगा असे. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत सविस्तर नोंदवली आहे: अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकावा, त्यात शेरभर पिण्याचे पाणी भरलेली चांदीची किंवा जस्ताची झारी बुडवून काही काळ हलवावी, म्हणजे आतले पाणी गार होते. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, हे त्यामागील कारण. पुढे बादशहाचा मुक्काम लाहोरास गेला तेव्हा डोंगरातून हिम आणि बर्फ आणवण्याची सोय झाली. दख्खनच्या सुभ्यास असा डोंगर लाभलेला नव्हता. औरंगाबादच्या सुभेदारीपासून परभणीच्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यापर्यंत थंडाव्याचे साधन पाणी, वारा आणि माती एवढेच राहिले, आणि दारूगोळ्यास लागणारा सोरा शरबतासाठी खर्च करणे हे मातब्बरांचेच काम होते.

बर्फ ही विकत घेण्याजोगी वस्तू म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आली ती १८३४ साली, आणि तीही सात समुद्र ओलांडून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नामक व्यापाऱ्याने आदल्या वर्षी ‘टस्कनी’ या जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्यास धाडला होता. १८० टन भरलेल्या मालापैकी सुमारे १०० टन चार महिन्यांच्या प्रवासानंतर शिल्लक उतरला, आणि या एका गोष्टीने साऱ्या वसाहतींचे डोळे दिपले. मुंबईतही बर्फ ठेवण्यासाठी वर्गणी जमवून बर्फघर बांधण्यात आले. त्या व्यापाराचे खरे रहस्य बर्फात नसून भुशात होते. लाकडाच्या भुशाचे जाड आवरण उष्णतेस अडवते म्हणून तो माल विषुववृत्त ओलांडून टिकला. म्हणजे थंडावा निर्माण करण्यापेक्षा तो राखण्यात अधिक चातुर्य आहे हा धडा या पहिल्याच सौद्यात होता, आणि आजच्या ऊर्जाकार्यक्षमतेच्या साऱ्या नियमांचा गाभाही तोच आहे.

परभणी तेव्हा निजामाच्या अमलाखाली होती. त्याचा दिवाण सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, करून महसुली कारभाराची घडी बसवली, तालुकदार आणि तहसीलदार नेमले. परंतु व्यापाराचे खरे रूपांतर झाले ते १९०० च्या सुमारास, जेव्हा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज लोहमार्ग नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना असा मनमाडला जाऊन मिळाला. आगगाडीने कापूस बाहेर नेला आणि बाहेरच्या नव्या वस्तू आत आणल्या. बर्फाची लादी त्यांतलीच एक. भुशात पुरलेली, गोणपाटात गुंडाळलेली ही लादी ज्या स्थानकावर उतरे तेथून गावात पोहोचेपर्यंत तिचे वजन घटत जाई, आणि म्हणून बर्फाचा व्यापारी प्रत्येक घटकेचा हिशेब ठेवी. लग्नसराई, दवाखाना आणि फेब्रुवारीच्या प्रारंभी भरणारा हजरत तुराबुल हक यांचा उरूस असल्या प्रसंगांना आणि ठिकाणांना गार पाण्याचे, गोळ्याचे, सरबताचे अप्रूप वाढत गेले.

पुढे तालुक्या-तालुक्यांच्या गावी बर्फाचे कारखाने निघाले. अशा कारखान्याची रचना जाणून घेण्यासारखी आहे. मध्यभागी मिठाच्या पाण्याचा प्रचंड हौद, त्यात बुडवलेले पत्र्याचे लांबट डबे, आणि हौदातून फिरवलेल्या नळ्यांत अमोनिया वायू. दाबयंत्राने अमोनिया दाबला की तो तापतो. ती उष्णता बाहेर पाण्यावर सोडून दिली की तो द्रवरूप होतो. आणि मग नळ्यांत मोकळा सोडला की उकळताना भोवतालच्या मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो. मिठाचे पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, पण डब्यातले साधे पाणी बाहेरून आत गोठत जाते, आणि म्हणून लादीच्या मध्यभागी हवेच्या बुडबुड्यांची पांढरी रेघ राहते. दुकानातल्या आजच्या चकचकीत कपाटाचे अंतरंग तत्त्वतः यापेक्षा वेगळे नाही. फरक आहे तो उष्णता टाकण्याच्या जागेत. कारखाना ती हौदातल्या पाण्यावर आणि उघड्या हवेवर टाकी. दुकानातले कपाट ती दुकानातच टाकते.

घरगुती शीतकपाट देशात तयार होऊ लागले ते १९५८ साली, गोदरेजच्या हातून. परंतु मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळची कथा हैदराबादच्या ऑल्विनची आहे. निजामाच्या औद्योगिक विश्वस्त निधीच्या भांडवलाने १९४२ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याने प्रथम बसगाड्यांचे सांगाडे आणि पोलादी कपाटे तयार केली, आणि पुढे शीतकपाटे. संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, राजधानी हैदराबादहून मुंबईस गेली. तरी ऑल्विनचे नाव या बाजूच्या सुशिक्षित घरांत कित्येक वर्षे परिचयाचे राहिले. औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉन शीतकपाटे काढू लागेपर्यंतचा मधला काळ असा गेला की, फ्रीज असणे ही घराची प्रतिष्ठा मानली जाई, आणि शेजारच्या घरी बर्फ मागावयास जाणे हा उन्हाळ्यातला सर्वमान्य शिष्टाचार होता.

यंत्रास वीज हवी. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी येथे धरण बांधले गेले, त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले, आणि १९७१ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीस औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले संच सुरू झाले. १९७२ मध्ये, दुष्काळाच्या ऐन वर्षी, परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठात पुढे अन्नतंत्र महाविद्यालय निघाले, आणि शेतमाल पिकवण्याइतकेच तो टिकवणे हेही शास्त्र आहे ही जाणीव या जिल्ह्यात संस्थारूपाने रुजली. कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांना दाखवलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष, दिल्लीच्या पुसा संस्थेने सिद्ध केलेला, हा मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत रम्य दुवा वाटतो. विटांच्या दुहेरी भिंती, त्यांच्यामध्ये भरलेली वाळू, वाळूवर थेंब-थेंब सोडलेले पाणी आणि वर गवताचे झाकण: हा तर आपल्या माजघरातल्या रांजणाचाच शास्त्रशुद्ध अवतार, जो विजेवाचून पालेभाजी एका दिवसाऐवजी चार-पाच दिवस राखू शकतो. त्याचा प्रसार व्हावा तेवढा झाला नाही याची खंत वाटते.

दुधाची कथा थोडक्यात सांगतो. शासकीय दूध योजना आली, शीतकरण केंद्रे आली, आणि म्हशीच्या आचळातून पस्तीसहून अधिक अंशांनी निघणारे दूध चार-पाच अंशांवर आणून टँकरने शहराकडे जाऊ लागले. गावच्या दुधाचे तूप होण्याऐवजी पिशवी होऊ लागली, आणि ती पिशवी विकणाऱ्या दुकानास शीतकपाट अनिवार्य झाले.

दुकानाच्या इतिहासाकडे वळू. स्वतः हाताने माल निवडण्याचे मोठे भांडार हा प्रकार आपल्या देशात ठळकपणे आला तो १९६६ मध्ये दिल्लीच्या सहकारी सुपर बझारने, रुपयाच्या अवमूल्यनानंतर भडकलेल्या किमती आवरण्याच्या हेतूने. मुंबईत सहकारी भांडारे त्याच सुमारास फोफावली. परभणीच्या मोंढ्यात आणि नानलपेठेत मात्र किराणा दुकानाचा गल्ला, तागडी आणि उधारीची वही यांचे राज्य अबाधित होते. तेथे शीतकपाट शिरले ते दुकानदाराच्या इच्छेपेक्षा शीतपेयांच्या आणि आइस्क्रीमच्या कंपन्यांच्या इच्छेने. काचेच्या दाराचा, आत दिवा लावलेला व्हिझी कूलर किंवा वर सरकते झाकण असलेला डीप फ्रीजर कंपनी दुकानात ठेवून देई. अट एवढीच की त्यात आमचाच माल ठेवावा. दुकानदारास यंत्र फुकट मिळाल्याचा आनंद होई. महिन्याअखेरीस विजेचे बिल येई ते मात्र त्याच्या नावे.

या करारातच पुढील साऱ्या गुंतागुंतीचे मूळ आहे. यंत्र खरेदी करणारा एक आणि ते चालवण्याचा खर्च सोसणारा दुसरा असला, म्हणजे खरेदीदार स्वस्त यंत्र पाहतो. त्याच्या भिंतीतील उष्णतारोधक फेसाची जाडी किती, दाराचे रबर कसे, आतला दिवा किती तापतो, या गोष्टींत दोन पैसे अधिक घालण्याचे त्यास कारण नसते, कारण त्या दोन पैशांनी वाचणारे दहा पैसे दुसऱ्याच्या खिशात राहावयाचे असतात. दुकानदारास कारण असते, पण अधिकार नसतो. व्यापाराच्या स्वाभाविक हितबुद्धीवर सोपवून हा दोष दूर होणे शक्य नाही. येथे कायदाच हवा.

तो कायदा येण्यापूर्वी परभणीने एक कठोर शाळा पाहिली. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली, आणि पुढील सात-आठ वर्षे भारनियमन हा मराठवाड्याच्या दिनचर्येचा भाग झाला. वितरणातील हानी आणि बिलांची वसुली यांवरून वाहिन्यांचे गट पाडण्यात आले. ज्या गटाची वसुली कमी त्यास अंधार अधिक. ज्याने नियमाने बिल भरले त्या दुकानदारासही आपल्या वाहिनीवरच्या इतरांच्या थकबाकीचे प्रायश्चित्त घ्यावे लागे. वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवून विकता येत नाही. दूध तर मुळीच थांबत नाही. वीज परतली तरी दाब कमी, आणि कमी दाबावर दाबयंत्राची मोटर अधिक प्रवाह ओढून तापते आणि जळते. स्टॅबिलायझर, जनरेटर, डिझेल, जळालेल्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती, हा सारा थंडाव्याचाच खर्च होता. याच काळात दुकानदारांनी जे उपाय काढले ते पाहून आदर वाटतो: डीप फ्रीजरवर रात्री गोधड्या आणि पोती पांघरणे, पाण्याच्या पिशव्या गोठवून तळाशी साठवणे, वीज नसताना झाकण न उघडणे, यंत्र उन्हाच्या भिंतीपासून दूर सरकवणे. ट्यूडरच्या भुशाचे तत्त्व मोंढ्यात कोणीही न शिकवता पुन्हा अवतरले होते.

जगात यंत्रांच्या वीजवापरावरील या कायद्याचा उगम १९७३ च्या तेलसंकटात आहे. अमेरिकेने १९७५ मध्ये ऊर्जाधोरणाचा कायदा केला, कॅलिफोर्निया राज्याने १९७६ मध्ये घरगुती शीतकपाटांच्या वीजवापरास मर्यादा घातली, आणि पुढील दशकांत कपाटे मोठी होत गेली तरी त्यांची वीजभूक घटत गेली. परंतु दुकानांतील व्यापारी शीतकपाटांवर अमेरिकेच्या संघराज्याचे नियम आले ते २००५ च्या कायद्याने, आणि काचेच्या प्रदर्शनी कपाटांना ते प्रत्यक्ष लागू झाले २०१२ पासून. युरोपातही घरच्या फ्रीजवरील अक्षरांची चिठ्ठी १९९० च्या दशकात आली; सुपर मार्केटांतील प्रदर्शनी कपाटांसाठी मात्र किमान कार्यक्षमतेचा नियम आणि चिठ्ठी २०२१ च्या मार्चपर्यंत थांबली. वास्तविक एखाद्या सुपर मार्केटात खर्च होणाऱ्या विजेपैकी सुमारे निम्मी शीतकपाटेच खातात. ज्या ठिकाणी बचत सर्वांत मोठी तेथेच नियम सर्वांत शेवटी गेला, याचे कारण मला असे दिसते की घरगुती फ्रीज एका साच्यातून लाखांनी निघतात, म्हणून त्यांची मोजदाद सोपी. दुकानची कपाटे नाना आकारांची, नाना घडणीची, आणि त्यांचे मालक संघटित.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये मंजूर झाला आणि १ मार्च २००२ पासून अमलात आला. त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. राज्यात या अधिनियमाची जबाबदारी महाऊर्जा या अभिकरणाकडे सोपवण्यात आली. २००६ च्या मे महिन्यात ताऱ्यांची चिठ्ठी प्रथम ऐच्छिक म्हणून जारी झाली. ७ जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे, नळीदिवे आणि वितरण रोहित्रे या चार वस्तूंना ती सक्तीची झाली. या चौकडीतील शेवटचे नाव शहरी वाचकास किरकोळ वाटेल, पण ज्या जिल्ह्यात डीपी जळाली म्हणजे गावाचे पाणी, दळण आणि दूध एकदमच अडते, तेथे रोहित्राच्या गुणवत्तेचा नियम फ्रीजच्या नियमाइतकाच मोलाचा होता. त्याच वर्षीच्या सुधारणेने उल्लंघनाचा दंड दहा हजार रुपयांवरून दहा लाखांपर्यंत वाढवला. चिठ्ठीतील ताऱ्यांची कसोटी दर काही वर्षांनी कडक केली जाते, त्यामुळे एका काळचे पाच तारे दुसऱ्या काळी चार किंवा तीन ठरतात; ही योजना मला अत्यंत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे कारखानदारास एकदा मिळवलेल्या प्रमाणपत्रावर विसंबून राहता येत नाही. आणि दुकानातला डीप फ्रीजर? त्याच्यासाठी ताऱ्यांची योजना निघाली २०२० मध्ये, आणि तीही प्रथम ऐच्छिक.

इमारतींचा नियम दुसरा. २००७ मध्ये निघालेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता सुपर मार्केटांचाही नावाने उल्लेख करते. परंतु तिचा अंमल १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या वास्तूंपासून पुढे. परभणी, सेलू, मानवत किंवा गंगाखेड येथील बहुतेक दुकाने, अगदी चार-सहा कपाटे असलेली आणि स्वतःस सुपर मार्केट म्हणवणारी दुकानेसुद्धा, या मर्यादेच्या खूप खाली राहतात. पत्र्याचे छप्पर, पश्चिमेची उघडी भिंत आणि आत चार कपाटांची उष्णता ओकणारी पाठ, अशी रचना संहितेच्या नजरेस पडतच नाही. आणि तेथे वातानुकूलन यंत्र बसवले, म्हणजे कपाटाने मालातून काढून दुकानात सोडलेली उष्णता दुसऱ्या यंत्राने पुन्हा बाहेर काढावी लागते, व एकाच थंडाव्याचे मोल दोनदा चुकते होते.

याहून मूलभूत अडचण तापमानाची आहे. युरोपात प्रदर्शनी कपाटाची चाचणी २५ अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या दुकानात होते. घरगुती शीतकपाटाच्या आंतरराष्ट्रीय मानकात १६ आणि ३२ अंशांचा भोवताल धरला जातो. परभणीच्या वैशाखात बिनवातानुकूलित दुकानातला भोवताल ४० अंशांच्या पुढे असतो. उणे १८ अंशांवर माल राखणाऱ्या पेटीचा हिशेब करू. बाहेर ३२ अंश असताना आतबाहेरचा फरक ५० अंशांचा, बाहेर ४४ अंश असताना ६२ अंशांचा. म्हणजे भिंतीतून आत शिरणारी उष्णता सुमारे पाव हिश्शाने वाढली. तेवढी उष्णता अधिक तापलेल्या हवेत बाहेर फेकण्यास लागणारे किमान श्रमही, उष्मागतिकीच्या नियमानुसार, दर एककामागे तितक्याच प्रमाणात वाढतात. दोन्ही वाढींचा गुणाकार दीडपटीहून थोडा अधिक होतो, आणि २५ अंशांशी तुलना केली तर तो दुपटीच्या वर जातो. हा आदर्श यंत्राचा हिशेब. धूळ बसलेल्या जाळीच्या आणि झिजलेल्या रबराच्या खऱ्या यंत्राचा तोटा याहून मोठाच असणार. चिठ्ठीवर छापलेला वार्षिक युनिटांचा आकडा खोटा नसतो, पण तो परभणीचा नसतो, आणि कडक उन्हाच्या जिल्ह्यांसाठी वेगळी, ४३-४५ अंशांची कसोटी चिठ्ठीवर छापली जावी ही मागणी मराठवाड्याने आणि विदर्भाने एकमुखाने करावयास हवी.

दुकानदारावर एकाच पेटीपुरते आणखी कायदे लागू आहेत. पहिला नियम अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा. त्याखालील विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले, आणि गोठवलेला माल उणे १८ अंश किंवा त्याखाली ठेवावा हा दंडक आहे, म्हणून विजेची बचत करण्यासाठी कळ फिरवून तापमान वर आणण्याची मुभा त्यास नाही. दुसरा नियम वायूंचा. ओझोनच्या रक्षणासाठीचा मॉन्ट्रियलचा करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला, जुन्या फ्रीजमधील आर-१२ वायू बंद झाला, आणि नव्या उपकरणांच्या निर्मितीत आर-२२ सारखे वायू वापरण्यास १ जानेवारी २०२५ पासून मनाई झाली. त्याच कराराच्या किगाली येथील दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिल्यानंतर आर-१३४ए चाही वापर कालांतराने घटवावयाचा आहे. त्यांची जागा घेणारे आयसोब्यूटेन आणि प्रोपेन हे वायू कार्यक्षम आहेत, वातावरणास सौम्य आहेत, पण ज्वालाग्राही आहेत. स्टेशन रस्त्यावरच्या मेकॅनिकाने वायू भरताना जवळ पेटती नळी न्यावी की नाही, हे त्यास कोणी शिकवावयाचे, याचा विचार नियम करणाऱ्यांनी अधिक करावा असे मला कळकळीने वाटते.

वाचलेल्या विजेचे मोल परभणीस अन्य जिल्ह्यांहून अधिक आहे, आणि त्याचे कारण पाणी. परळीच्या औष्णिक केंद्रास गोदावरीवरील, सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातून पाणी जाते. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले. केंद्र सरकारने २०१५ च्या डिसेंबरात जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची जी कमाल मर्यादा ठरवली ती एका युनिटास साडेतीन लिटर पडते. दिवसाला तीन युनिटे खाणारा एखादा डीप फ्रीजर समजा एक युनिट कमी खाऊ लागला, तर वर्षाकाठी बाराशेहून अधिक लिटर पाणी वाचते; ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

राहिला प्रश्न जुन्या यंत्रांचा. अधिनियमाचा हात नव्या मालाच्या निर्मितीवर आणि विक्रीवर आहे. मोठ्या शहरांतील दुकानांनी नवी तारांकित कपाटे घेतली की त्यांची जुनी कपाटे रंग देऊन, कॉम्प्रेसर बदलून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बाजारात उतरतात, आणि कमी भांडवलाचा दुकानदार तीच घेतो, कारण नव्याची किंमत आज रोख द्यावी लागते आणि जुन्याचे बिल महिन्या-महिन्याने येते. यावर दंडाचा बडगा निरुपयोगी आहे, कारण दंड भरणारा तोच गरीब दुकानदार असेल. जुने यंत्र मोडीत देणाऱ्यास नव्यासाठी बिनव्याजी कर्ज, त्याची फेड विजेच्या बिलातूनच, आणि कंपन्यांनी दुकानात ठेवलेल्या कपाटांवर ठरावीक ताऱ्यांची सक्ती, या तीन गोष्टी हाती घेण्याजोग्या आहेत. आणि त्यांपैकी तिसरी सर्वांत आधी घ्यावी, कारण तिच्यासाठी शासनाच्या तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. परभणीच्या विद्यापीठाने आणि अन्नतंत्र महाविद्यालयाने मोंढ्यातील दहा-वीस दुकानांत मीटर लावून चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांचे मोजमाप केले, तर या मागण्यांना लागणारे आकडे एका उन्हाळ्यात हाती येतील.